काळजावरील चरबी

शास्त्रपाठ : लेवीय ३:१-१७, योहान ९:१-३



लेवीय हे पुस्तक आपल्या मंडळ्यांत फारसे वाचले जात नाही. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा संकल्प पुष्कळ जण करतात. उत्पत्ती आणि निर्गम उत्साहाने पार पडतात आणि लेवीयातील यज्ञबलींपाशी येऊन गाडी अडते. आज मुद्दाम त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण घेतला आहे.

या अध्यायात शांत्यर्पणाचे नियम आहेत. होमबली संपूर्ण जाळावयाचा असे. शांत्यर्पणाचे तसे नव्हते. त्यातील काही भाग देवाचा, काही याजकाचा, आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याने आपल्या घरच्यांसह देवासमोर आनंदाने खावयाचे. म्हणजे ही मेजवानीच होती, आणि यजमान प्रत्यक्ष परमेश्वर होता. देवाचा वाटा कोणता? आतड्यांवरील चरबी, दोन्ही गुरदे व त्यांच्याभोवतीची चरबी, आणि काळजावरचा पडदा. चरबीवर माणसाचा हक्क नाही, असा सोळाव्या व सतराव्या वचनांचा भावार्थ आहे.

आता कोणी म्हणेल की देवाने हजारो वर्षांपूर्वीच कोलेस्टेरॉलचा इशारा देऊन ठेवला होता. तसे आम्ही म्हणणार नाही. मोशेजवळ सोनोग्राफीचे यंत्र नव्हते आणि लेवीय हे आहारशास्त्राचे पुस्तक नव्हे. त्या काळी चरबी हा जनावराचा सर्वोत्तम भाग समजत, म्हणून तो देवाला द्यावयाचा. ख्रिस्ताच्या एकाच अर्पणाने ते सर्व बली पूर्ण झाले. त्या नियमांचे ओझे आपल्यावर नाही. तरी एक गोष्ट मनात राहते. ऐन मेजवानीच्या मध्यभागी देवाने एक रेघ ओढून ठेवली होती. जिभेला जे सर्वांत रुचकर, तेच बाजूला काढावयाचे आणि मग आनंदाने जेवावयास बसावयाचे. शिलो येथे एलीच्या मुलांना हीच रेघ सोसवली नाही. चरबी जळेपर्यंत थांबा, असे लोक सांगत असताना याजकाचा चाकर कच्चे मांस बळजबरीने मागून नेई, हे १ शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात वाचावे.

काळीज हा आपल्या भाषेतील मोठा नवलाचा शब्द आहे. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, ज्याला आता सर्रास लिव्हर म्हणतात. पण घरी बोलताना तोच शब्द मनाच्या तळाशी जातो. आईचे काळीज तुटते, एखाद्याला काळीजच नसते. इब्री भाषेतही असेच काही आहे. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा नाश पाहून शोक करणारा भक्त आपले काळीज जमिनीवर ओतले गेल्याचे सांगतो, तेथे मूळ शब्द यकृताचाच आहे. या लेखात आपल्याला दोन्ही काळजांविषयी बोलावयाचे आहे, कारण एकावरच्या चरबीने दुसरे कसे दुखावते हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आमच्या ओळखीच्या एका मंडळीत एक बंधू आहेत. वय सेहेचाळीस, मंडळीचे हिशेब पाहणारे, आयुष्यात दारूला न शिवलेले. दुसऱ्याच कारणाने पोटाची सोनोग्राफी केली तेव्हा अहवालात फॅटी लिव्हर, दुसरी पायरी, असे आले. घरच्यांनी प्रार्थनेसाठी म्हणून ही गोष्ट एकदोघांना सांगितली. पुढच्या रविवारी उपासनेनंतर फाटकापाशी कुजबुज सुरू झाली : लिव्हर म्हणजे काय ते समजा, बाहेरून किती साधे दिसतात! त्यांनी चाव्या आणि वह्या पाळकसाहेबांच्या घरी पोहोचवल्या आणि उपासनेस येणे सोडले. कृष्णपुऱ्यातील एका घरी प्रार्थनासभेला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. डॉक्टरांचा कागद मंडळीपुढे वाचून दाखवावा का, असे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून विचारले.

आपल्या मंडळ्यांत दारूविरोधी शिकवण जुनी आहे आणि ती चांगली आहे. पण तिच्या सावलीत एक खोटी समजूतही वाढली, की लिव्हरचा आजार केवळ पिणाऱ्यालाच होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भारत सरकारने २०२१ साली या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या रांगेत तो बसला. देशातील लोकसंख्येपैकी शेकडा ९ ते ३२ लोकांना दारूविना होणारे फॅटी लिव्हर असावे, असा सरकारी अंदाज आहे. शंभर माणसांच्या उपासनेत किती बाके झाली, ते वाचकांनी मोजावे. २०२३ साली तर जगातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी आजाराचे इंग्रजी नावच बदलले. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता आणि फॅटी हा शब्दही होता. दोन्हींमुळे रोग्याला लाज वाटते, म्हणून ते गाळून शरीराच्या चयापचयातील बिघाडावरून नवे नाव ठेवले. डॉक्टरांना जे कळले ते मंडळीच्या फाटकापाशी कळू नये काय?

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्य दिसताच शिष्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पापाचा : याचे की याच्या आईबापांचे? याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही, असे प्रभूने उत्तर दिले. त्याने प्रश्नच बाजूला सारला आणि देवाचे कार्य कोठे प्रकट व्हावयाचे आहे तिकडे त्यांचे लक्ष वळवले. मग खाली वाकून चिखल केला. फाटकापाशी उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि समजा, एखाद्या बंधूचे लिव्हर खरोखरच दारूने बिघडले असेल, तरी काय? त्याला तर मंडळीची गरज अधिक. त्याने दारू पूर्ण सोडली पाहिजे, थेंबभरही चालणार नाही, हे त्याला प्रीतीने सांगावयाचे ते त्याच्या घरी जाऊन, फाटकापाशी नव्हे.

आता आजार काय आहे ते थोडक्यात पाहू. यकृत हा उजव्या फासळ्यांखालचा सुमारे दीड किलोचा अवयव. अन्नातून आलेले बहुतेक सर्व काही रक्तावाटे प्रथम त्याच्याकडे जाते. शरीराला लागणारी साखर ते साठवते आणि गरजेप्रमाणे देते. साखर, मैदा, तेल गरजेपेक्षा जास्त आणि हालचाल कमी, असे वर्षानुवर्षे चालले की जास्तीच्या साखरेचीही चरबी बनते आणि ती यकृताच्या पेशींतच साचू लागते. शेकडा पाचाहून अधिक पेशींत चरबी दिसली की फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांचे तेथेच थांबते. काहींच्या यकृताला सूज येते, सुजेतून व्रण पडतात, आणि अनेक वर्षांनी यकृत आक्रसून कठीण होते. त्याला सिऱ्होसिस म्हणतात. या सगळ्या काळात बहुधा दुखत काहीच नाही. म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या वर गेला आहे त्यांनी, दुखण्याची वाट पाहू नये. बारीक अंगकाठीच्या माणसांनाही हा आजार होतो. आपल्या देशात तर विशेष. तेव्हा कोणाच्या पोटाकडे पाहून निदान करण्याची सवय सोडावी.

आम्ही ज्या भागात हिंडतो तेथे तर मोहाला पत्ता विचारावा लागत नाही. कृष्णपुऱ्यात होळकरांच्या छत्र्या आहेत, शेजारी कान्ह नदी आहे, आणि राजवाड्यावरून चालत काही मिनिटांत सराफा येतो. दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. गराडू, कचोरी, मालपुवा, रबडी, ताटलीएवढा जलेबा. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. होळकरांच्या काळापासून येथे राहिलेल्या मराठी घरांनी पुरणपोळी सोडली नाही आणि माळव्याचे दाल-बाफलेही आपलेसे केले. म्हणजे दोन्हीकडचे तूप एकाच पानात. सकाळी पोहे-जिलबी. येथे न्यायाने बोलावयाचे तर इंदुरी पोह्यांचा दोष थोडा आहे. ते पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचे असते. दोष आहे वरच्या मूठभर शेवेचा आणि शेजारच्या जिलबीचा. शेव कमी करून वाटाणे, कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू वाढवले आणि जिलबी एखाद्या सणासाठी राखली, तर पोह्यांशी कोणाचे भांडण नाही.

पण आमचे बोलणे सराफ्याविषयी नाही. सराफ्यात माणूस आपल्या मर्जीने जातो आणि मर्जीने उठतो. मंडळीच्या मेजावरून उठता येत नाही. प्रार्थनासभा झाली की गोड चहा, समोसा आणि बर्फी. नामकरण, साखरपुडा, वाढदिवस, पाळकसाहेबांची भेट, प्रत्येक ठिकाणी तेच. आणि वर आग्रह. आमच्या हातचे आवडले नाही वाटते? एक तरी घ्या. डॉक्टरांचे काय, ते सांगतच असतात. नको म्हणणारा उद्धट ठरतो आणि घेणारा रात्री घरी जाऊन गोळीची मात्रा आठवतो. या आग्रहात प्रेम आहे हे आम्ही जाणतो. ज्या पिढीने दुष्काळ पाहिला तिच्यासाठी भरलेले ताट हीच मायेची भाषा होती. आज त्याच मायेला वेगळे शब्द शोधावे लागतील.

पौलाने १ करिंथ ८ मध्ये बंधूसाठी मांस सोडण्याची तयारी दाखवली. तेथील प्रसंग मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा होता, आपला तसा नाही, हे मान्य. पण त्याचा विचार आपल्याला लागू पडतो : मला काय खाण्याची मोकळीक आहे यापेक्षा माझ्या शेजारी बसलेल्याचे त्याने काय होईल, हा प्रश्न आधी. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनासाठी जमलेल्यांपैकी एक भुकेला राहतो आणि दुसरा अती करतो, म्हणून तो रागावला आहे. यहेज्केल १६:४९ तर वाचून अंगावर काटा यावा. सदोमाच्या पापांची जी यादी तेथे आहे तीत गर्व, अन्नाची रेलचेल, निवांत आळस आणि दरिद्र्याला हात न देणे ही एका ओळीत बसली आहेत. ताट भरलेले असणे आणि दाराशी कोण आहे हे न दिसणे, या दोन गोष्टी शास्त्रात पुष्कळदा एकत्र येतात.

याचा अर्थ शास्त्र मेजवानीच्या विरुद्ध आहे असा नव्हे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले तेव्हा त्यांना घरी जाऊन उत्तम पक्वान्ने खाण्यास, गोड पिण्यास आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवण्यास सांगितले गेले. तो दिवस सणाचा होता. आपली अडचण अशी की हल्ली प्रत्येक दिवस सणाचा झाला आहे आणि वाटे पाठवणे तेवढे राहिले आहे. नीतिसूत्रे २५:१६ मध्ये मधाविषयी जे सांगितले आहे ते किती सरळ आहे : सापडला तर खा, पण पुरेल इतकाच. मध वाईट आहे असे शलमोन म्हणत नाही.

घरात काय करावे, असे बहिणी विचारतात. दानीएल व त्याचे सोबती राजाच्या मिष्टान्नाऐवजी शाकाहार आणि पाण्यावर दहा दिवस राहिले; तो त्यांच्या निष्ठेचा प्रश्न होता, वजनाचा नव्हे, पण त्यांचे ताट आजही कोणी डॉक्टर नाकारणार नाही. अर्धे ताट भाज्यांचे असावे : मेथी, पालक, दोडका, गिलके, दुधी, कोबी, आणि कच्ची काकडी-टोमॅटो. पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी. मूग, चणे, मटकी भिजवून मोड आणलेले उत्तम. उरलेल्या पावात ज्वारीची भाकरी, चोकरासह गव्हाची पोळी किंवा थोडा भात. भाकरी आणि भात दोन्ही भरपूर, असे नको. सोबत साखर न घातलेले ताक. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे चार वाजताच्या भुकेला पुरतात. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. रस काढताना चोथा जातो आणि साखर राहते.

साखरेविषयी थोडे अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवल्यास उत्तम, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याने जिलबी न खाताही मर्यादा ओलांडलेली असते. गूळ आणि मध यांनाही हाच हिशेब. काळा गूळ चालतो अशी समजूत घराघरांत आहे, ती लिव्हरला मान्य नाही. तेलाचा हिशेब गृहिणीला बाटलीवरून सहज कळतो : माणशी महिन्याला अर्धा लिटर ही ढोबळ मर्यादा. तळणीचे उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नये.

वजन जास्त असेल तर ते शेकडा पाच उतरताच यकृतावरील चरबी कमी होऊ लागते. शेकडा सात ते दहा उतरले तर सूजही ओसरू लागते, आणि काहींचे व्रणसुद्धा मागे हटतात. ८० किलोच्या माणसाला ८ किलो म्हणजे डोंगर वाटेल. पण आठवड्याला अर्धा किलो या गतीने तो चार महिन्यांचा रस्ता आहे. घाईने उपाशी राहून वजन पाडल्यास यकृताला उलट त्रास होतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालावे. वजन फारसे न घटताही चालण्याचा गुण यकृताला मिळतो. उपवासकाळात उपास धरणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावे, आणि दिवसभराच्या उपासानंतर साबुदाण्याची खिचडी व तळलेला बटाटा यांवर तुटून पडू नये. लिव्हर साफ करणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे डॉक्टरांच्या नकळत घेऊ नयेत. त्यांतील काहींनी लिव्हरच बिघडते. व्रण पडलेल्या रोग्यांसाठी २०२४ साली अमेरिकेत पहिले औषध मंजूर झाले, पण तेही आहार व व्यायाम यांच्या जोडीने घ्यावयाचे आहे.

शरीराची काळजी हे मंडळीचे काम आहे का, असा प्रश्न कोणी काढील. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली इंदुरात आले आणि दहा वर्षांच्या आत, १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी व १८८६ साली डॉ. मॅरियन ऑलिव्हर, या दोन स्त्री डॉक्टर येथे पोहोचल्या. पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या बायकांची नाडी त्यांनी पाहिली. शुभवर्तमान आणि औषधाची पेटी एकाच दारातून आत गेली. मधल्या काळात पेटी आपण इस्पितळांकडे सोपवली. स्वयंपाकघर अजून आपल्याच हाती आहे.

वर सांगितलेल्या बंधूंच्या पत्नीला पाळकसाहेबांनी कागद वाचू दिला नाही. ते स्वतः व्यासपीठावरून योहान ९ वर बोलले, कोणाचे नाव न घेता. महिला मंडळाच्या चार बहिणींनी त्या महिन्याचे प्रीतिभोजन आपल्याकडे घेतले : ज्वारीची भाकरी, मेथी घातलेले वरण, वाफवलेला मका लिंबू लावून, काकडीची कोशिंबीर, ताक, पपई. गोडही होते, वाटीभर नव्हे तर चमचाभर, आणि ते मागणाऱ्यालाच वाढले. दोन वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले. एकांनी हे काय दवाखान्यातील जेवण, असे मोठ्याने म्हटलेही. बंधू आता येतात. मागच्या बाकावर बसतात आणि हिशेबाच्या वह्या त्यांनी अजून परत घेतलेल्या नाहीत.

शेवटी संडे स्कूलच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना दोन शब्द. हा आजार आता मुलांतही आढळतो. पाठांतराचे वचन म्हणून दाखवले की टॉफी, ही प्रथा आपल्या वर्गांत जुनी आहे. मुलाच्या मनात देवाचे वचन आणि साखर यांची गाठ आपणच मारून देतो. बक्षीस द्यावयाचेच तर पेन्सिल द्यावी, चित्र द्यावे, पुढच्या रविवारी वचन वाचण्याचा मान द्यावा. जाड मुलाला वर्गात कोणी नावे ठेवीत असेल तर ते तेथेच थांबवावे, आणि नाटकात त्याला दरवेळी गल्याथ करू नये. निर्गम १६ मधील मान्न्याचा पाठ शिकवाल तेव्हा ज्याने त्याने आपल्या गरजेपुरतेच गोळा करावयाचे होते आणि सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले, हा भाग घाईने उरकू नये. मुलांना तो फार आवडतो. आणि डिसेंबरात नाताळच्या पिशव्या भरावयास बसाल तेव्हा वेफर व क्रीमची बिस्किटे यांची पाकिटे कमी करून एक संत्रे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोनचार बोरे किंवा एक पेरू घालता येईल. केकचा तुकडा असू द्यावा, सणच आहे. यंदा खरेदीची यादी नोव्हेंबरातच करावी. संत्री त्या सुमारास बाजारात उतरू लागतात आणि घाऊक घेतली तर स्वस्त पडतात.